भुतांची सोय

कोलोरॅडोतील स्टॅन्ली हॉटेल 1909 साली सुरू झाले. 1974 साली स्टीफन किंग तेथे 217 क्रमांकाच्या खोलीत उतरले, त्या मुक्कामातून ‘द शायनिंग’ ही भयकादंबरी त्यांना सुचली, आणि आता पाहुणे भीती वाटावी म्हणून त्या खोलीचे जादा पैसे मोजतात. तिच्यावरील दिग्दर्शक कुब्रिकच्या 1980 च्या चित्रपटातील भूलभुलैया, म्हणजे झुडपांच्या कुंपणांतून काढलेल्या फसव्या वाटा, ना कादंबरीत होता ना हॉटेलात. पाहुणे तो शोधू लागल्यावर व्यवस्थापनाने 2015 साली तो लावून टाकला.

भुतांवर पैसे मिळवण्याच्या या निकषावर यवतमाळ जिल्हा उगाच मागे पडला आहे; भूत येथेही आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर ‘शकुंतला’ ही नॅरोगेज, म्हणजे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरील गाडी. इंग्रज गेले, इतर बहुतेक रेल्वेमार्गांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी खासगी कंपनीची मालकी या रुळांच्या मानगुटीवरून उतरली नाही, आणि गाडी बंद पडल्यावरही ब्रॉडगेजचे आश्वासन निवडणुकीच्या सुमारास नेमाने प्रकट होते. उणीव आहे ती मुक्कामाला येणाऱ्या कादंबरीकाराची; मात्र शासकीय विश्रामगृहातील खोलीला आधी आरक्षण लागते, आणि मंत्र्यांचा दौरा निघाल्यास ते भुताचेही रद्द होते.