आवाज सोमेश्वरी, बॉयलर रामेश्वरी

ब्रिटनमध्ये थंडी पडली की घराघरांतले, बॉयलरच्या गरम पाण्याने तापणारे रेडिएटर बोलू लागतात आणि घरमालक थेट नव्या बॉयलरचा भाव विचारतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! वास्तविक आवाज ऐकला की निम्मं निदान होतं. रेडिएटर वरून गार, खालून गरम आणि आत गुळगुळ चालू असेल तर हवा अडकली आहे. छोट्याशा किल्लीने ती सोडता येते. लाकडी जमिनीखालून टकटक येत असेल तर तांब्याचा पाइप तापून लांबतो आहे. दहा मीटरचा पाइप 50 अंशांनी तापला की सुमारे 8 मिलिमीटर वाढतो, आणि तुळईच्या खाचेत त्याला तेवढीही जागा कुणी ठेवलेली नसते. बॉयलरच किटलीसारखा खदखदत असेल तर संशयित बहुधा लंडनचं जड पाणी: त्यातला चुना आत थर धरतो आणि त्या थरापाशी पाणी जागच्या जागी उकळतं.

यावर कुणी म्हणेल, जुना बॉयलर कधीतरी जाणारच. जाईल. पण रेडिएटरांच्या तळाशी साचलेला लोखंडाचा काळा गाळ न धुता नवा बॉयलर जोडणं म्हणजे तुंबलेल्या मोरीला नवा नळ बसवणं. आवाज ओळखून दुरुस्ती करणं सामान्यांचं काम नाही, हा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. गॅसच्या भागाला हात लावायला ‘गॅस सेफ’ या ब्रिटनच्या अधिकृत यादीत नोंदलेला कारागीरच हवा. रेडिएटरला कान लावायला अजून तरी परवाना लागत नाही.