कोण हा नारायण विनायक जगताप?

"काकू, टँकर येऊन गेला का हो?"

"मघाशीच! भातसा, तानसा आपल्या शहापुरात, पाणी जातं मुंबईला आणि आपण उभ्या हंडे घेऊन. तू कुठे होतीस?"

"मुरबाडची भाची आलीय ना, शाळेवर शिकवते ती. गप्पांत वेळ गेला. बरं, नारायण विनायक जगताप हा लेखक ऐकलाय?"

"जगताप? आपल्या इकडचे?"

"इकडचे ना तिकडचे! असा माणूसच नव्हता. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथेची स्पर्धा ठेवली. जयंत नारळीकरांना भाग घ्यायचा होता, पण नाव बघून परीक्षक दबले तर? म्हणून आद्याक्षरं उलटी केली. ज. वि. ना.चं झालं ना. वि. ज.!"

"अगंबाई! आणि अक्षर?"

"तेही कुणी ओळखू नये म्हणून कथा बायकोकडून लिहून घेतली. मंगलाताई स्वतः गणितातल्या विदुषी बरं का. 'कृष्णविवर' कथेचं नाव. पहिलं बक्षीस!"

"पण त्यांना बक्षिसाची काय वाण? मोठे शास्त्रज्ञ ना ते?"

"तेच तर! जन्म कोल्हापूरचा, वाढले बनारसला, वडील तिथे प्राध्यापक. केंब्रिजला रँग्लर झाले, सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण. १९७२ला परत येऊन मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुढे १९८८ला पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारली. एवढं नाव असून ते झाकून स्पर्धेला बसले."

"मग हे गोष्टींचं वेड कुठून?"

"गुरूच तसा! फ्रेड हॉईल. महास्फोटानं विश्व जन्मलं हे त्यांना कधी पटलंच नाही. आकाशाचा अभ्यास करता करता कादंबऱ्याही लिहायचे. चेलाही त्याच वाटेनं गेला. 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' या त्यांच्या कादंबऱ्या."

"मला मेलीला कळतील का?"

"न कळायला काय झालं? त्यांची एक गोष्ट ऐका. पानिपतावर विश्वासराव वाचतात, मराठे जिंकतात आणि गोष्टीतले गंगाधरपंत त्या निराळ्याच मुंबईत जाऊन पोचतात."

"त्या मुंबईला पाणी कुठलं गं? भातसाचंच?"

"काकू, हे त्यांना विचारायला हवं होतं! सही मागणाऱ्या पोरांना ते सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराबरोबर सही मिळेल."

"मग मी दहा कार्डं धाडली असती! हल्ली असतात कुठे?"

"गेले हो, २० मे २०२५ला, पुण्यात. मंगलाताई त्याआधीच, २०२३ला. आत्मचरित्राला साहित्य अकादमी मिळाली, २०२१ला नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही. तब्येतीमुळे तिथे जाता मात्र आलं नाही."

"मराठीत लिहिलं, हे बाकी झकास केलं. नाहीतर शिकलेली माणसं तिकडचीच होतात."

"भाची म्हणते, शाळेच्या कपाटात त्यांची पुस्तकं आहेत, पण कुलूपबंद."

"मग सांग तिला, आधी ते कुलूप काढ! नाव झाकून पहिला आलेला माणूस तो. त्याच्या नावाला हार कसले घालता? पोरांच्या हाती पुस्तक द्या आणि म्हणावं, विचारा काय विचारायचं ते!"