बॅरल, बाभळ आणि दाजी

आधी एक खुलासा. स्मोकर म्हणजे तंदूर नव्हे. बॅरलला आतून माती थापून केलेला तंदूर तुम्ही पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या ढाब्यांवर पाहिलेला असणार. त्यात रोटी बघता बघता फुगते. स्मोकरमध्ये बघता बघता काहीच होत नाही. कोंबडीला अडीच-तीन तास लागतात, बोकडाच्या मांडीला सहा. तेवढा वेळ झाकण बंद ठेवायचं असतं आणि आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. इंदापूर तालुक्यात, जिथं चुलीवर ठेवलेलं भगुलं दर पाच मिनिटांनी कुणीतरी उघडून ‘झालं का गं?’ विचारतं, तिथं हे यंत्र बसवणं अवघड आहे. तरी ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी ही माहिती.

पायरी पहिली, बॅरल. बारामती एमआयडीसीच्या आसपास भंगारवाल्यांकडे हवी तेवढी मिळतात. आपल्याला पत्र्याचं, दोनशे लिटरचं, सुट्ट्या झाकणाचं आणि झाकणावर आवळायची रिंग असलेलं बॅरल हवं. उंची तीन फुटांना जरा कमी, रुंदी दोन फुटांना जरा कमी. त्यात आधी काय होतं हे विचारणं महत्त्वाचं. माझा संवाद असा झाला:

‘यात काय होतं?’

‘तेल.’

‘कसलं तेल?’

‘चांगलं होतं की.’

ते चांगलं तेल नव्हतं. घरी आणून उन्हात ठेवल्यावर दुपारी त्याला जो वास सुटला, त्यानं शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं दोन दिवस आमच्या बाजूला फिरकलं नाही. ते बॅरल आता गोठ्यामागं उताणं पडलेलं आहे. दुसरं आणलं ते आंब्याच्या रसाचं. खाद्यतेल, मध, फळांचा रस यांचं बॅरल घ्या. औषधाचं, रसायनाचं, कितीही धुतलेलं असो, फुकट दिलं तरी घेऊ नका. आणि झाकण जोडलेलं, नुसती दोन बुचं असलेलं बॅरल कापायची वेळ आलीच, तर ते पाण्यानं भरल्याशिवाय त्याला कटर लावू देऊ नका. रिकाम्या दिसणाऱ्या बॅरलमध्ये वाफ कोंडलेली असते आणि एका ठिणगीनं ती वेल्डरसकट सगळ्यांना वर नेते.

जाता जाता एक गोष्ट, कारण बॅरल लोळवत नेताना ती मला दर वेळी आठवते. पत्र्याच्या आधुनिक बॅरलचं अमेरिकेत 1905 साली पेटंट निघालं ते नेली ब्लाय या बाईच्या नावावर. ही मुळात पत्रकार. त्याआधी तिनं एकटीनं 72 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. पुढं नवऱ्याचा कारखाना तिच्याकडं आला आणि तिथल्या हेन्री वेरहान या माणसानं बसवलेल्या रचनेचे हक्क तिच्या नावे झाले. पृथ्वीला फेरी मारणाऱ्या बाईचं बॅरल आम्ही आपे रिक्षात घालून आणलं. आपेही बारामतीतच तयार होते, त्यामुळं भाडं कमी पडेल असं वाटलं होतं. पडलं नाही.

वाटेत लोक विचारणार. पाण्याला का? पेंडीला का? ‘धुराला’ असं खरं उत्तर दिलंत तर गाडी थांबवून पुढची वीस मिनिटं समजावून सांगावं लागतं. ‘पाण्याला’ म्हणा.

पायरी दुसरी, जाळणं. बॅरलला बाहेरून रंग असतो आणि आतून बहुधा एक लेप असतो. हे दोन्ही जळून गेलं पाहिजे. बॅरल मोकळ्या रानात, उसाच्या फडापासून लांब न्या, आत बाभळीचे ओंडके भरा आणि दणकून पेटवा. या सगळ्या उद्योगात मोठा जाळ करायची परवानगी एवढी एकदाच आहे, त्यामुळं घरातल्या सगळ्यांची हौस इथंच भागवून घ्या. आमच्या आण्णांनी वर दोन भारे पाचट टाकलं आणि ज्वाळा नारळाच्या झाडाच्या शेंड्याला लागते की काय असं झालं. गार झाल्यावर तारेच्या ब्रशनं घासा, धुवा, मग आतून खाण्याचं तेल पुसून पुन्हा तापवा. नवा लोखंडी तवा मुरवतात तसंच.

पायरी तिसरी भोकांची. ही नीट समजून घ्या, कारण स्मोकर म्हणजे खरं तर भोकंच. पत्रा त्यांना धरून ठेवायला असतो. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना शिकवायची गरज नाही. बंबाला खालून हवा मिळते, मधल्या नळीतून धूर वर जातो, आणि वरचं तोंड झाकलं की जाळ मरतो. इथंही तेच. तळापासून दोन इंचांवर पाऊण इंची चार भोकं चारी बाजूंना पाडा. त्यांतल्या तिनांना बुचं करा आणि चौथ्याला पाइपचा तुकडा बसवून नळाची तोटी लावा, म्हणजे हवेला चावी मिळाली. झाकणाला दोन इंची एक भोक. खालची हवा कमी-जास्त करायची, वरचं भोक मात्र उघडंच ठेवायचं. ते बंद केलं तर धूर आतच कुजतो आणि मटणाला डांबराची चव येते.

आत कोळशाची टोपली, तळापासून तीन इंच उचललेली, म्हणजे राख खाली पडेल आणि हवा कोंडणार नाही. वरच्या काठापासून सात इंच खाली चार बोल्ट, त्यावर जाळी. कोळसा आणि मटण यांच्यात दोन फुटांच्या आसपास अंतर राहिलं पाहिजे. जाळीच्या बाबतीत वेल्डर तुम्हाला जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत जाळी दाखवेल आणि ‘गंजणार नाय’ म्हणेल. घेऊ नका. तापल्यावर जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. हा ताप वेल्डरला स्वतःला चांगला माहीत असतो, तरी दाखवतो तो तीच जाळी. साधी लोखंडी किंवा स्टीलची घ्या.

पायरी चौथी, लाकूड. इथं आपल्या भागाचं नशीब जोरावर आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातले लोक धुरासाठी मेस्किट नावाच्या झाडावर जीव टाकतात, त्याचे तुकडे पिशव्यांत भरून दुकानांत विकले जातात. हे मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं भाऊबंद. मूळ गाव अमेरिका खंडच. आपल्याकडं बांधावर, ओढ्याला, उजनीच्या काठाला ती फुकटात माजलेली आहे आणि शेतकरी तिला शिव्या देत तोडतो. पुढच्या वेळी शिव्या दिल्यावर चार फांद्या बाजूला वाळत टाका. आंबा, पेरू, चिंचही चालते. निंब कडू धुराचा, निलगिरीला औषधाचा वास. रंगवलेली फळी आणि प्लायवूड यांचं नावच काढू नका. मुख्य धग लाकडी कोळशाचीच. बाभळीचे मुठीएवढे तीन-चार तुकडे फक्त धुरापुरते.

आता पेटवणं. टोपलीत न पेटलेला कोळसा भरायचा आणि चुलीतले दहा-बारा निखारे वर ठेवायचे. बस. ते हळूहळू खालच्याला लागत जातात. झाकणात बसवलेल्या तापमापकाचा काटा 110 ते 120 अंशांवर आला की तोटी निम्म्याच्या खाली आणायची आणि हात मागं बांधून उभं राहायचं.

इथं दाजी येतात.

दाजी म्हणजे बहिणीचे यजमान, बारामतीहून मोटारसायकलवर आलेले. आल्या आल्या त्यांनी झाकण उचललं. झाकण उचललं की आतली धग निघून जाते, पण त्याच वेळी कोळशाला हवा मिळते, आणि झाकण पुन्हा ठेवल्यावर पाच मिनिटांत काटा 160 वर. मी तोटी बंद केली. काटा उतरला. दाजी म्हणाले, ‘विझलं वाटतं,’ आणि पुन्हा उचललं. तिसऱ्या वेळी ते फुंकणी घेऊन आले. पाहुणा माणूस, त्यातून जावई. त्यांना बोलायचं कसं? यावर अमेरिकन पुस्तकांत उपाय नाही.

त्यात मटणाची एक खोड आहे. आतलं तापमान चढत चढत 65-70 अंशांच्या आसपास येतं आणि तिथंच तास-दीड तास अडून बसतं. बिघडलेलं काही नसतं. मांसाला घाम सुटतो, तो वाळताना धग खातो. माठातलं पाणी गार होतं त्याच कारणानं. नवशिका इथं घाबरून कोळसा वाढवतो. वाढवू नका. मांडी 90 अंशांच्या पुढं गेली की हाडापासून आपोआप सुटते. कोंबडी मात्र 74 ला शिजते, तिला त्याच्या फार पुढं नेऊ नका.

पहिल्यांदाच करत असाल तर मटणाच्या वाटेला न जाता भिगवणला जा. उजनीच्या पाण्यातली अर्धा किलोची चिलापी पोट साफ करून आणा. हा मासाही मूळचा आफ्रिकेचा, 1952 साली देशात आला. लिटरभर पाण्यात साठ ग्रॅम मीठ घालून त्यात तासभर बुडवा, पुसा, सावलीत वाऱ्याला ठेवा. कातडी हाताला चिकटसर लागली की जाळीवर. सव्वा तासात पिवळ्याधमक पितळेसारखी होते आणि काट्यापासून पाकळ्या सुटतात. लिंबाशिवाय काही लागत नाही. मसाला लावायचा मोह होईल. तो निम्म्याच गावाला आवरतो.

मुहूर्त म्हणाल तर पालखी काटेवाडी, इंदापूर करून पुढं गेली, आषाढी एकादशी झाली, की श्रावण लागेपर्यंतचा आखाड. पाऊस असतो, पण बॅरल घरात किंवा बंद शेडमध्ये लावू नका. कोळशाचा विषारी वायू ना दिसतो ना वास येतो. पत्र्याखाली, चारी बाजू मोकळ्या. आणि आमंत्रण देताना विचारून घ्या: आमच्याकडं बोल्हाईवाले पाहुणे आहेत, त्यांना मेंढीचं चालतं, बोकडाचं नाही. आम्ही शेवटी एक मांडी मेंढीची आणि एक बोकडाची लावली, आणि कुठली कुठं यावरून अर्धा तास गेला.

त्या दिवशी दाजींना आवरलं ते आज्जीनं. आज्जी माळकरी, वास आला तरी पदर नाकाला लावते. पण साठ वर्षं चुलीपुढं गेलेली. ओट्यावर बसून ती लांबूनच धुराकडं बघत होती. ‘पांढरा हाय तवर कच्चा,’ म्हणाली. ‘धूर दिसंना झाला पायजे, नुसता निळा निळा.’ तिच्या सांगण्यावरून मी तोटी बोटभर उघडली, मग नखभर बंद केली. पांढरे लोट थांबले, झाकणावर पातळ निळी रेघ उभी राहिली आणि काटा 115 वर चिकटला. मग तिनं आपली बाज बॅरलशेजारी आणायला लावली आणि माळ ओढत तीवर बसली. सासूच्या सासूपुढं झाकण उचलायची दाजींची छाती झाली नाही.

सहा तासांनी म्हणाली, ‘काढा आता,’ आणि पदर नाकाला लावून आत गेली.

मांडी ताटात ठेवली. वरून काळी, आतून कडेला गुलाबी, हाड नुसतं ओढलं तर हातात आलं. सगळे गप्प. दाजींनी एक घास घेतला, सावकाश चावला, मान हलवली आणि इकडं तिकडं बघत विचारलं,

‘रस्सा कुठाय?’