राजाचं कूळ

"वहिनी, शेव नंतर निवडा, आधी हे बघा. भाच्यानं नॉर्वेहून फोटो धाडलाय."

"अगंबाई! हा खेकडा? केवढाले पाय ते!"

"किंग क्रॅब म्हणतात. मोठा नर पाय पसरून बसला की दीड मीटरच्या वर जातो. पण गंमत अशी, की हा राजा खरा खेकडाच नाही. पाय मोजा बरं."

"दोन नांग्या, सहा पाय. आठच की! खेकड्याला दहा असतात ना?"

"ह्यालाही आहेत. शेवटची जोडी इवलीशी, कवचाआड कल्ल्यांच्या पोकळीत दडवलेली. तिनं तो कल्ले साफ करतो. नांग्याही सारख्या नाहीत, उजवी दांडगी, शिंपले फोडायला. आणि मादी उलटी करून पाहिलीत तर पोट चक्क वाकडं! एका बाजूच्या पट्ट्या मोठ्या, दुसऱ्या बाजूच्या लहान."

"असं का?"

"पूर्वज निघाले भाडेकरू! दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारे ते खेकडे असतात ना, त्यांच्याच वंशातला हा. शंखाच्या वळणात बसून पोट वळलं. पुढे शंख सुटला, वळण राहिलं. 1992 साली 'नेचर'मध्ये डीएनए जुळवून छापून आलंय."

"घ्या! आपण देवासकर थोरली पाती, धाकटी पाती दोन्हीकडची कुळं तोंडपाठ म्हणून मिरवतो. ह्याचं कूळ कुणी काढलंच नव्हतं. मग हा नॉर्वेचाच राजा म्हणायचा?"

"छे, तिथंही उपराच. मूळचा उत्तर पॅसिफिकचा. 1960च्या दशकात रशियनांनी आणून बॅरेंट्स समुद्रात सोडला, तो पसरत पसरत नॉर्वेत आला. ह्या घराण्याला गार पाणी लागतं. थंड मुलखात किनाऱ्याजवळही दिसेल, आपल्यासारख्या उष्ण मुलखात मात्र उजेड पोचत नाही इतक्या खोल तळाशी."

"म्हणजे आपल्याकडेही आहे?"

"आहे तर! त्रावणकोरच्या बाजूला, खोल समुद्रात. 'इन्व्हेस्टिगेटर' नावाच्या सरकारी जहाजानं जाळं टाकून वर काढला. आल्कॉक आणि अँडरसन या साहेबांनी 1899 साली जहाजाचंच नाव दिलं, पॅरालोमिस इन्व्हेस्टिगेटोरिस. आणि जहाज बांधलेलं कुठं? आपल्या मुंबईच्या गोदीत."

"आमच्या धारकडे बाघला पण समुद्र होता म्हणे. तिथल्या दगडात सापडेल का हो?"

"नाही हो. तो समुद्र नऊएक कोटी वर्षांपूर्वीचा, हे राजघराणं फार अलीकडचं. तिथं शिंपले मिळतील, सी अर्चिन मिळतील, शार्कचे दातही. आणि पाडल्याला तर गावकरी डायनासोरची अंडी काकड भैरव म्हणून पुजत होते, 2023 साली पेपरात नव्हतं का आलं?"

"रविवारी जावंच म्हणते धारला. दिवाणखान्यात मांडायला एखादा दगड आणू?"

"बघा, फोटो काढा, पण दगड जिथला तिथं ठेवा हो वहिनी. आधीच तिथले पुष्कळ लोकांनी उचलून नेलेत."