टिपलं तर दंड!

माणसानं कशाच्या नादी लागावं, याला काही सुमार राहिलाय का हो? पत्त्यांचा नाद समजतो. शंकरपटाचा समजतो. निवडणुकीचा तर आमच्या लातूर-नांदेडकडं बारशातच लागतो. पण गोल्फ? ज्या लातूरनं २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालं, त्या लातुरात गोल्फ? पहिली गाडी आली तेव्हा तिला दहा वाघिणी होत्या, एकेका वाघिणीत पन्नास हजार लिटर. तेव्हा नळाखाली घागर ठेवून रात्र जागवणारी माणसं आज जेवणं झाल्यावर कशावर बोलतात? ग्रीनवरचं, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवरचं, गवत तीन मिलिमीटर कापावं की चार, यावर!

तुम्ही म्हणाल, लातुरात कुठं आलंय गोल्फचं मैदान? नाहीच आलं. आमच्या काळ्या मातीत ते आणलं तरी मे महिन्यात एकेक भेग अशी पडते की चेंडू काय, चेंडू शोधायला गेलेला पोरगाही सापडायचा नाही. पण नादाला मैदान लागतं असं कुणी सांगितलं? मोबाइल पुरतो. आणि पुण्यात नोकरीला असलेला एक जावई पुरतो.

आमचे जावई मूळचे नांदेडचे, नोकरी पुण्यात आयटीतली. तिथं त्यांचे साहेब गोल्फ खेळतात, म्हणून यांनाही खेळावंसं वाटतं. मागच्या दिवाळीला येताना काय आणलं असेल? मिठाई नाही, फटाके नाहीत. हिरव्या मॅटची एक गुंडाळी. दहा फूट लांब, एका टोकाला थोडी चढती आणि त्या चढावर एक भोक. सोबत दोन काठ्या आणि चार पांढरे चेंडू. आमच्या सौभाग्यवतींनी किंमत ऐकली आणि एवढंच म्हणाल्या, “एवढ्यात दोन जाजमं आली असती. चार माणसं बसली तरी असती.”

मॅट गच्चीवर अंथरली. पाण्याच्या टाकीपासून मोरीपर्यंत बरोबर बसली. भोक मोरीकडं.

खऱ्या गोल्फचं भोक सव्वाचार इंचांचं असतं, म्हणजे आमटीची वाटी बसेल एवढं. चेंडू पावणेदोन इंचांपेक्षा किंचित लहान, लिंबाएवढा. एवढंसं लिंबू एवढ्या वाटीत ढकलायला जगातली शहाणी माणसं चार-चार तास उन्हात चालतात, हे ऐकून आमचे नांदेडचे व्याही खो खो हसले होते. सकाळी हसले. संध्याकाळी गच्चीवरून खाली यायला तयार होईनात. चुरमुऱ्यांचा सुशीला निवून गोळा झाला, चहावर साय धरली, विहीणबाई जिन्याशी उभ्या राहून हाका मारतायत, आणि हे साठी उलटलेले गृहस्थ मॅटवर पोटावर झोपून एक डोळा मिटून उतार बघतायत! शोभतं का?

असंच एकदा अख्ख्या देशाचं झालं होतं, आठवतंय? ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक पदकाच्या तोंडाशी आली होती आणि आयुष्यात गोल्फची काठी न पाहिलेली माणसं पहाटे उठून टीव्हीपुढं बसली होती. आमच्या गल्लीत त्या दिवशी दूधवालासुद्धा ‘बर्डी’ म्हणत होता. एका टोल्यानं तिचं कांस्यपदक हुकलं, ती चौथी आली. आपण तासभर हळहळलो. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला ८७.५८ मीटरवर जाऊन पडला, आणि सकाळचे सगळे गोल्फपंडित रात्री भालाफेकीत डॉक्टर झाले. त्याच ऑलिंपिकला पुण्याचा उदयन माने खेळून आला, हे तर कुणाच्या गावीही नव्हतं. असो. तो नाद एका दिवसात उतरला. हा उतरायचं नाव घेत नाही, कारण या वेळी घरात भांडण झालं.

झालं असं. जावई, भाचा, व्याही आणि मी असे चौघं खेळत होतो. ज्याचे टोले सगळ्यांत कमी तो जिंकला, एवढं सरळ ठरलेलं. माझा चेंडू भोकापासून वीतभर अलीकडं, जरासा डाव्या अंगाला थांबला होता. माझ्या मागून व्याह्यांची पाळी. त्यांनी विचारलं, “पाव्हणं, उचलता का?” मी म्हणालो, “राहू द्या हो.” आता खरं सांगायचं तर गुडघे. एकदा वाकलो की सरळ व्हायला मला दुसऱ्या माणसाचा खांदा लागतो. व्याह्यांनी टोला मारला. चेंडू सरळ येऊन माझ्या चेंडूवर टक्‌कन बसला. माझा चेंडू मॅटवरून उतरला, फरशीवरून घरंगळला आणि मोरीच्या जाळीवर जाऊन थांबला. त्यांचा राहिला भोकाच्या काठावर, ढेकूळ कलंडावं तसा.

“टिपलं!” व्याही ओरडले. दोन्ही हात वर. “उडवलं पाव्हण्याला!”

आणि आमचे जावई, स्वतःच्या सख्ख्या बापाला, शांतपणे म्हणाले, “बाबा, तुम्हाला दोन टोल्यांचा दंड.”

ऐकलंत? टिपलं म्हणून दंड!

अहो, आमची अख्खी पिढी चिंचेखाली गोट्या खेळून मोठी झाली. टाचेवर गरगर फिरून गल करायची, अंगठा जमिनीत रोवायचा, मधलं बोट धनुष्यासारखं मागं ओढायचं आणि समोरच्याची गोटी टिपायची. टिपली की टवका उडाला पाहिजे. ज्याची गोटी टिपली गेली तो हरला. तो कोपरानं गोटी ढकलत गलीपर्यंत न्यायचा, आणि घरी गेल्यावर सोललेल्या कोपराबद्दल आईचा मार वेगळा. दंड मार खाणाऱ्याला, हा जगाचा साधा न्याय. कॅरममध्येही सोंगटीवर सोंगटी आपटूनच काम होतं. इंग्रज साहेबानं १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत स्नूकर काढलं, तेही चेंडूवर चेंडू आदळण्यासाठीच. मग याच साहेबाच्या गोल्फमध्ये टिपणारा गुन्हेगार कसा?

व्याह्यांचा चेहरा नांदेडच्या उन्हासारखा तापला. “दाखव कुठं लिहिलंय.” जावयांनी मोबाइल काढला. लिहिलेलं होतं. अकराव्या नियमाच्या पहिल्याच कलमात. टोले मोजून खेळताना, मारण्याआधी दोन्ही चेंडू ग्रीनवर असतील आणि तुमचा चेंडू थांबलेल्या चेंडूला लागला, तर मारणाऱ्याला दोन टोले जास्तीचे. मुद्दाम लागला की चुकून, याची चौकशी नाही. ज्याला लागला तो चेंडू उचलून मूळ जागी ठेवायचा. आणि मारणाऱ्याचा चेंडू जिथं थांबला तिथूनच पुढं खेळायचा.

या शेवटच्या दोन वाक्यांवर मात्र आमच्याकडची माणसं एकदम सावरून बसली. कारण हा गोल्फ नाही हो, हा बांध आहे! भावानं बांध कोरला, दगड सरकवला, की मोजणी आणून दगड पहिल्या जागी. ग्रीनवर चेंडू उचलायचा तर आधी मागं नाणं ठेवायचं, तो हद्दीचा दगड. फरक एवढाच, की मूळ जागा नेमकी माहीत नसेल तर गोल्फमध्ये तलाठी नाही, मोजणीदार नाही, पंचनामा नाही. खेळणाऱ्यांनीच प्रामाणिकपणे अंदाज करून चेंडू ठेवायचा. प्रामाणिकपणे! स्वतःच! भाचा म्हणाला, “मामा, हा नियम आपल्या तालुक्यात लावला तर अर्धं कोर्ट रिकामं होईल.” मी म्हणालो, “आणि उरलेलं अर्धं डबल भरेल.”

आता खरी मेख ऐका. दोघंच समोरासमोर खेळत असतील, एकेक भोक जिंकायचं-हरायचं असेल, तर हाच धक्का बिनदंडाचा. चेंडू फक्त मूळ जागी ठेवायचा, मिटलं. व्याह्यांनी हे वाक्य वाचलं आणि तिथंच पकडलं. “म्हणजे भांडण दोघांचं असंल तर माफ, आन् चौघांत झालं की गुन्हा? हे कुठलं शहाणपण?” मला वाटतं, त्यात शहाणपण आहे, पण व्याह्यांसमोर बोललो नाही. दोघंच असले की ज्याचं त्यानं बघावं. समोरचा चेंडू वाटेत असेल तर उचलायला लावावा, नसेल तर भोगावं. टोले मोजायचे म्हणजे हिशेब तिथं नसलेल्यांशीही असतो. पन्नास माणसं मागं-पुढं खेळतायत, त्यांच्या वाट्याला हे चेंडूचं कुंपण आलेलं नाही. थांबलेल्या चेंडूवर आपला चेंडू अडवून कुणी फायदा उपटला तर तो त्या पन्नासांच्या ताटातला.

आणि उपटतात बरं का! मोठमोठ्या स्पर्धांतही यावरून कुजबुज होते. २०२१ च्या मे महिन्यात थायलंडमधल्या महिलांच्या स्पर्धेत अमेरिकेच्या एमी ओल्सनचा चेंडू भोकाजवळ पडलेला. ती उचलायला निघाली, तेवढ्यात थायलंडच्या आरिया जुटानुगार्ननं ग्रीनबाहेरून आपला चेंडू मारला. तो येऊन एमीच्या चेंडूवर आपटला आणि पुढं निसटून जायचा तो तिथंच थांबला. दोघींनी मुठीवर मूठ आपटली. झालं, जगभर बोभाटा! ठरवून केलं का? साटंलोटं होतं का? संयोजकांनी सांगितलं, संगनमत नव्हतं, नियम मोडलेला नाही, दंड नाही. बाहेरून मारलेल्या चेंडूला दोन टोल्यांचा दंड तसाही लागत नाही. पण एखाद्याला मदत व्हावी म्हणून चेंडू तसाच ठेवायचा असं दोघांनी ठरवलं, तर दोघांनाही दोन-दोन टोले. हे ऐकताच व्याह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी गुडघ्याची एक्स-रे फिल्म आणून दाखवली.

एकेकाळी तर चेंडू वाटेत पडला की उचलायचाच नाही, असा दंडक होता. १७४४ साली स्कॉटलंडमधल्या लीथला तेरा नियम लिहिले गेले. त्यात चेंडू चेंडूला टेकला असेल तरच पुढचा उचलायची सोय होती. पुढं सहा इंचांच्या आत असला तर उचला, असं झालं. त्याहून लांब असेल तर समोरचा चेंडू आमच्या गंजगोलाईच्या बाजारात आडव्या लावलेल्या टेम्पोसारखा. हॉर्न वाजवा, नशिबाला शिव्या द्या, वळसा घाला, नाहीतर वरून उडवा. याला ‘स्टायमी’ म्हणत. १९३० मध्ये सेंट अँड्रूजला बॉबी जोन्सनं सिरिल टॉलीला एकोणिसाव्या भोकावर असाच आडवा चेंडू घालून हरवलं आणि त्या वर्षी तो हौशी आणि खुल्या अशा चारही मोठ्या स्पर्धा जिंकून बसला. १९५२ पासून स्टायमी बंद. व्याह्यांना याचं फार वाईट वाटलं. “खेळात तेवढंच तर मजेचं होतं,” म्हणाले.

दिवाळी संपली. पाहुणे गेले. मॅट आमच्याकडंच राहिली, कारण जावयांच्या पुण्याच्या फ्लॅटला गच्ची नाही. दंड व्याह्यांनी मान्य केला नव्हता. दंड धरला तर मी तिसरा, नाही धरला तर शेवटचा, म्हणून मीही सोडायला तयार नव्हतो. चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला नांदेडहून फोन. मला वाटलं, कुणी आजारी.

“पाव्हणं, झोपलाव का?”

“नाही. बोला.”

“त्या कलमात दोन्ही चेंडू ग्रीनवर पाहिजेत, असं हाय नव्हं?”

“हो.”

“मग माझा ग्रीनवर नव्हताच की. मी टाकीजवळून मारला. तिथं मॅटीची कड दुमडली होती. माझा चेंडू फरशीवर होता.”

मी उठून बसलो. टाकीजवळ कड दुमडलेली होती, हे खरं. चेंडू दुमडीच्या अलीकडं होता की पलीकडं, हे मात्र मला काही केल्या आठवेना. जावयांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. भाच्याला लावला, तो म्हणाला, “मामा, साडेदहा वाजलेत.”

सकाळी चहाही न घेता गच्चीवर गेलो. म्हटलं, कड कुठपर्यंत दुमडते ते खडूनं आखून ठेवावं. मॅट टाकीजवळ नव्हती. उन्हात सरकवलेली होती, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवून ताणून बसवलेली, कुठं एक सुरकुती नाही. वर जुनं पातळ अंथरलेलं आणि त्यावर ओळीनं ज्वारीच्या खारोड्या. चढावरचं भोक तेवढं मोकळं होतं; त्यात कावळे हाकलायची काठी उभी केलेली.

“हलवू नका,” जिन्यातून आवाज आला. “परवापर्यंत वाळतील.”