बुड टेकलेली पिकअप

गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या नाक्यावर संध्याकाळी जुनी पिकअप लांबूनच ओळखू येते. बुड रस्त्याला टेकायला आलेलं, नाक वर आणि हेडलाइटचा झोत सागाच्या शेंड्यांवर. समोरचा खड्डा दिसत नाही, पण झाडावर बिबट्या असलाच तर तो आधी याच ड्रायव्हरला दिसेल.

मे महिन्यात तेंदूपत्त्याचे बोद, दिवाळीनंतर धानाची पोती, एरवी बांबू नि सिमेंट, आणि कायद्यात बसत नसलं तरी लग्नसराईत वऱ्हाड. एवढं वाहिल्यावर कोणत्याही पाट्याची, म्हणजे गाडीखालच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगची, कमान सपाट होणारच. मालकाला मात्र पाट्यांचा संशय येत नाही. तो रंगीत, चकचकीत शॉकअपची जोडी घेऊन मिस्त्रीकडे येतो. पाटा बिचारा काळा, चिखलानं माखलेला. त्याच्यावर कोण पैसे घालणार? शॉकअप चढतात, बिल होतं आणि गाडी बुड टेकूनच घरी जाते.

कारण भार पेलतो पाटा. शॉकअपच्या आतलं तेल बारीक भोकांतून रेटलं जातं, हालचालीची उष्णता होते आणि उसळी थांबते, इतकंच. लग्नातल्या मामासारखा तो भांडण मिटवतो, खर्च उचलत नाही.

मग मालक दुसऱ्या टोकाला जातो. "टाका जी, दोन पाटे जास्तीचे!" स्प्रिंग भाराच्या प्रमाणात वाकते, हे रॉबर्ट हुकनं 1678 सालीच छापलं होतं. जास्त मालासाठी कडक केलेली कमान रिकाम्या गाडीखाली जवळजवळ वाकतच नाही. सिरोंच्याला माल उतरवून आलापल्लीपर्यंतचे सुमारे 100 किलोमीटर परतताना ड्रायव्हरचे मणके हुकचा नियम पुन्हा सिद्ध करतात.

अमेरिकेतल्या शौकिनांची तऱ्हा उलटी. माल भरल्यावर गाडी सपाट बसावी म्हणून कंपनी पिकअपचं बुड थोडं उंच ठेवते. पुष्कळ जण माल भरतच नाहीत. मग नाक वर करायला पैसे मोजतात. गडचिरोलीत ते फुकटात होतं.

"काऊन भाऊ, भरता किती?" हा मिस्त्रीचा पहिला प्रश्न हवा. आरसी बुकातल्या वजनमर्यादेत बसेल इतकाच माल भरत असाल, तर थकलेल्या पाट्यांच्या जागी कंपनीच्या मापाचे नवे पुरतात. त्याहून जास्त भरत असाल, तर दुखणं पाट्याचं नाही. शॉकअप शेवटी घ्या, तेही उंची मोजून. गाडी उचलली की जुना तोकडा पडू शकतो. पाटे दोन्ही बाजूंचे एकदम बदला, यू-बोल्ट नवे घाला आणि थोडी गाडी पळवली की ते पुन्हा आवळून घ्या.