दूध कोणत्या सदरात?

(मुंबईच्या रुग्णालयातील भूलतज्ज्ञ बाई पडद्यावर. पलीकडे, सावंतवाडीजवळच्या एका ओटीवर, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आजोबा आणि ज्याचे टॉन्सिल काढावयाचे आहेत तो सहा वर्षांचा नातू.)

आजोबा : बाई, रुग्णाची नाडी हाती न घेता, केवळ फोनच्या भिंगातून त्याचा पंचनामा करण्याचा अखत्यार आपणांस कोणत्या हुकुमान्वये प्राप्त झाला, ही पृच्छा मी प्रथम दफ्तरी दाखल करतो.

भूलतज्ज्ञ : केंद्र सरकारच्या 25 मार्च 2020 च्या मार्गदर्शक सूचनांन्वये, आजोबा. रुग्ण अज्ञान असल्यास ओळख पटलेली प्रौढ व्यक्ती सोबत हवी, हेही त्यांतच आहे; तेव्हा आधी आपली ओळख पटवावी.

आजोबा : ज्याने उभी हयात इतरांना ओळख पटवावयास लावले, त्याच्यावर हा प्रसंग यावा! (आधार कार्ड उलटे धरतात.)

भूलतज्ज्ञ : पटली. मुलाचे वजन?

आजोबा : 18 किलो; रेशन दुकानाच्या काट्यावर, चपलांसह.

भूलतज्ज्ञ : पुन्हा करा, अनवाणी. औषधाची मात्रा किलोगणिक ठरते, आणि चपलांना भूल द्यावयाची नाही. रक्ताच्या नात्यात भुलीनंतर कोणास अकस्मात भयंकर ताप चढला होता?

आजोबा : आमच्या घराण्यात तसा ताप केवळ वाटणीच्या वेळी चढतो.

भूलतज्ज्ञ : घोरताना याचा श्वास मध्येच अडतो का, ते झोपेतले चित्रण करून पाठवा, रुग्णालयात आलेले मूल टक्क जागे असते, हा पुरावा घरूनच मिळावयाचा. बाळा, आ कर पाहू. आजोबा, बॅटरी जवळ आणा. थांबा! जीभ लागताच तो खालचा पुढचा दात हलला.

आजोबा : दुधाचा आहे, म्हणजे हंगामी.

भूलतज्ज्ञ : नळी घालताना निखळून फुप्फुसात गेला, तर तेथे कायम होईल. नोंद केली. आता उपास : अन्न व दूध 6 तास आधी बंद, साधे पाणी 2 तास आधीपर्यंत चालेल.

आजोबा : हरकत! दूध हा पदार्थ स्वभावतःच पातळ असल्याने, आणि पोर पहाटे त्यावाचून घर डोक्यावर घेत असल्याने, ते पाण्याच्याच सदरात धरणे न्याय्य होय.

भूलतज्ज्ञ : पेल्यात ते पातळ, जठरात त्याच्या गाठी होतात. सबब अन्नाच्या सदरात.

(नातू शिंकतो. नाकाखाली हिरवट शेंबूड.)

आजोबा : ही सर्दी नव्हे. नाक वाहते, इतकेच. ताप परवाचा.

भूलतज्ज्ञ : आणि खोकला?

आजोबा : रात्रीपुरता.

भूलतज्ज्ञ : मग चिडलेल्या श्वासमार्गावर भूल देणे नको, शस्त्रक्रिया 2 आठवडे तहकूब.

आजोबा : पण आपण छाती तर ऐकलीच नाही!

भूलतज्ज्ञ : ती या पडद्यावरून ऐकू येत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून कळवावे. इथे आल्यावर मीही ऐकेन. मात्र वाहते नाक पाहण्यासाठी मुलाला रात्रभर गाडीत बसवण्याचे कारण नाही. रेल्वेचे आरक्षण आजच रद्द करा, आणि पोराला पुन्हा ताप आला तर लपवू नका.